पेल्यावरचे नाव

अल खफजी, सौदी अरेबिया,
शुक्रवार, १२ सप्टेंबर २०२५

प्रिय नूपुर,

तू शिक्षणासाठी घराबाहेर पडलीस तेव्हापासून मी तुला पाठविलेल्या प्रत्येक पत्राचा मायना ‘चि. नूपुर हिस अनेक उत्तम आशीर्वाद’ असाच असे. त्यावरून तू माझी थट्टा करायचीस. “बाबांचं पत्र म्हणजे सरकारी परिपत्रक, फक्त जावक क्रमांक राहिलाय,” असे म्हणायचीस आणि तुझी आई तुला सामील व्हायची. आज मायना बदलला आहे हे तुझ्या ध्यानात आले असेल. आशीर्वाद देणाऱ्याला एक पायरी वर उभे राहावे लागते. या पत्रापुरता मी त्या पायरीवरून खाली उतरलो आहे. कारण ओघाने येईलच.

अमेरिकेहून तुझे पार्सल येऊन दोन महिने झाले. त्यात तीन गोष्टी होत्या: प्रदर्शनासोबत निघालेले तुझे पुस्तक, ऑक्टोबरातल्या उद्घाटनाचे निमंत्रण, आणि आईचा चांदीचा पेला त्या प्रदर्शनात ठेवण्यासाठी मी सही करून द्यावयाचा फॉर्म. पुस्तकाची पोच मी फोनवर लगेच दिली. फॉर्मविषयी तू तीनदा विचारलेस आणि तिन्ही वेळा मी इथल्या उन्हाळ्याची माहिती दिली. सदानंद रिसबूड यांनी कागद अडवून ठेवला, असे एकतीस वर्षांत कंपनीत कोणी म्हटले नाही. ते माझ्या मुलीला म्हणावे लागले, याचा खेद आहे.

आधी पुस्तकाविषयी. मी ते हाती पेन्सिल घेऊन तीन वेळा वाचले. छपाईच्या दोन चुका आढळल्या, त्यांची नोंद वेगळ्या कागदावर जोडली आहे. बाकी मजकुरात बोट ठेवायला मला जागा सापडली नाही, आणि मी शोधली होती, हे तू जाणतेस. अमेरिका अजून इंग्रजांची वसाहत होती त्या काळी तिथल्या लहान लहान गावांत चांदीची खाण नव्हती. लोक परदेशी व्यापारातून आलेली स्पॅनिश नाणी वितळवून भांडी घडवीत. चर्चसाठी वेगळे काही घडविण्यापेक्षा अनेकदा घरातलाच साधा पेला देत, नाही तर मृत्युपत्रात ‘माझ्यामागे एक पेला करवून द्यावा’ असे लिहून ठेवीत. पेल्यावर देणाऱ्याचे नाव कोरलेले असे, आणि तो प्रार्थनेच्या वेळी द्राक्षमद्याने भरून हातोहात सगळ्या बाकांवरून फिरे. सुताराच्या ओठाला लागलेला पेला जहाजमालकाच्या ओठाला लागे. हे सर्व तू ज्या संयमाने मांडले आहेस, तो संयम मला माझ्या तपासणी अहवालांतही नेहमी साधला नाही.

ते पुस्तक मी ऑफिसात नेले होते. दाखविण्यासाठीच नेले होते, हे कबूल करतो. आमचा तरुण सौदी अभियंता हम्माद याने एकेक चित्र पाहिले आणि विचारले, “अबू नूपुर, हे सगळं तुमच्या मुलीनं शोधून काढलं? माशाअल्लाह!” इथे माणसाला त्याच्या अपत्याच्या नावाने हाक मारण्याची रीत आहे, हे तुला सांगायला नको. मला तसे कोणी म्हणाले की इतकी वर्षे मी केवळ मान हलवीत असे. त्या दिवशी प्रथमच वाटले की ही पदवी मला मिळालेली आहे. पेले कशासाठी वापरीत असेही त्याने विचारले. या देशात, ऑफिसच्या टेबलावर, मी ‘प्रार्थनेसाठी’ इतकेच सांगितले. ते खोटे नव्हते, अपुरे होते. अपुरे खरे सांगण्याची मला जुनी सवय आहे.

तू हा विषय निवडलास तेव्हा मी जे बोललो ते तू विसरली असशील, असे मी बरीच वर्षे स्वतःला सांगत आलो. “दुसऱ्यांच्या देवळातली भांडी घासायला अमेरिकेला कशाला जायचं?” असे मी म्हणालो होतो. तुझी आई स्वयंपाकघरातून म्हणाली, “भांडी घासणं इतकं हलकं असेल तर तुम्ही एक दिवस घासून बघा.” दुसऱ्या दिवशी सुट्टी होती. तिने खरोखरच नळाखाली भांडी ठेवून दिली आणि मला हाक मारली. मी ती घासली. तिने त्यांतली निम्मी परत घासायला लावली. त्यानंतर तुझ्या अर्जांवर मी मुकाट्याने सह्या केल्या.

पुस्तकाची प्रस्तावना मी तीनपेक्षा अधिक वेळा वाचली. मराठी वाचायला तू खफजीच्या आपल्या स्वयंपाकघरात, भांड्यांवरच्या नावांवरून शिकलीस, असे तू लिहिले आहेस. ते अक्षरशः खरे आहे. शाळेत इंग्रजी होते, हिंदी होते, मराठी नव्हते. आईने तुला जमिनीवर बसवून परातीवरचे आजोबांचे नाव, डब्यावरचे ‘लीलाआत्याकडून सप्रेम’, तांब्यावरची मुंजीची तिथी असे एकेक अक्षर बोटाने गिरवायला लावले. आपल्याकडे भांड्यावर नाव का घालतात, हेही तिनेच तुला सांगितले. कार्याला शेजारीपाजारी भांडी नेतात, ती ज्याच्या त्याच्या घरी परत पोहोचावीत म्हणून. तुझ्या परदेशी वाचकांना हे वाचून मौज वाटली असेल. पुढे तू लिहितेस की एका चांदीच्या पेल्यावर मात्र नाव नव्हते. ‘यावर कुणाचं नाव आहे?’ असे तू विचारलेस आणि आई म्हणाली, ‘होतं. रांगोळीनं घासून घासून गेलं.’ पुसट झालेल्या नावांचे वेड तुला तिथूनच लागले, असे त्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य आहे. त्या वाक्यापाशी मी प्रत्येक वेळी पुस्तक मिटले.

आता त्या डीकनच्या, म्हणजे चर्चच्या कारभाऱ्याच्या, पेल्याविषयी, कारण पुस्तकाचा कणा तोच आहे. दोन वर्षांपूर्वीचा तुझा फोन मला शब्दशः आठवतो. “बाबा, तुम्ही समुद्रातल्या पाइपाची भिंत किती झिजली ते न कापता कसं मोजता?” मी तुला पाऊण तास समजावून सांगितले: ध्वनिलहरींचे गेज, बारीक टोकाचा प्रोब, गोलाईवर घ्यावयाची काळजी. तुझ्या विषयाला माझा विषय उपयोगी पडेल, असे मला स्वप्नातही वाटले नव्हते. शेवटी मी म्हणालो, “वापरानं झिजलेला धातू सगळीकडे थोडाथोडा झिजतो. एकाच पट्टीत निम्मा उरलेला धातू झिजलेला नसतो, काढलेला असतो.” तू ते वाक्य जसेच्या तसे छापलेस आणि तळटीपेत लिहिलेस, ‘स. रिसबूड, तपासणी अभियंता’. माझे वडील नाही, तपासणी अभियंता. तो योग्य उल्लेख होता. ती तळटीप मी हम्मादला दोनदा दाखवली.

आणि त्या वाक्याच्या आधारे तू दाखवून दिलेस की अडीचशेहून अधिक वर्षे ज्या पेल्यावर गावच्या डीकनचे नाव वाचले जात होते, त्या नावाखालचा धातू पातळ आहे, आणि तिरप्या प्रकाशात तिथे आणखी एक नाव दिसते. ते थँकफुल नावाच्या विधवेचे होते. तिने स्वतःचा पेला चर्चला ठेवला होता. कोरणाऱ्याकडे तो घेऊन गेला तिचा जावई, म्हणजे तो डीकन, आणि परत आला तेव्हा नाव त्याचे होते. तू त्यावर एवढेच लिहितेस की पुसणाऱ्याचा हेतू दुष्ट होता असे मानायला पुरावा नाही. त्याला ते रीतसर वाटले असावे. हा शोध तू फोनवर सांगितलास तेव्हा आई माझ्या शेजारी बसली होती. ती आधी हसली, मग तिने विचारले, “मग आता त्याच्याखाली कार्डावर कुणाचं नाव लिहिणार तू?” तू म्हणालीस, “तिचं.” फोन ठेवल्यावर आई उठली आणि कपाटाच्या मागच्या रांगेतला पेला तिने पुढच्या रांगेत आणून ठेवला. मी वर्तमानपत्राआडून पाहिले. समजलो नाही, किंवा समजलो नाही असे ठरविले.

गेल्या नोव्हेंबरात आई गेली, ते दिवस तू जाणतेस, म्हणून विस्तार करीत नाही. पार्थिव मायदेशी नेण्याचे कागद वहाबभाईंनी माझ्यासोबत दारोदार फिरून पुरे केले. “साहेब, तुम्ही फक्त सही करा, बोलणं माझ्यावर,” असे ते म्हणत राहिले. तीस वर्षे एकाच कंपनीत असून मी त्यांना कधी घरच्यासारखे वागवले नव्हते. तुझ्या आईने वागवले होते. मात्र एक गोष्ट तुला सांगितलेली नाही. ते वृत्त कळताच वहाबभाईंच्या पत्नी कुबराभाभी आल्या, दारातच खाली बसल्या आणि म्हणाल्या, “आमची गोदाताई गेली.” मला वाटले, दुःखात त्यांची चूक होते आहे. नंतर कळले की सव्वीस वर्षे, मी ऑफिसला गेल्यानंतर, त्या दोघींच्या चहाच्या वेळी तुझी आई गोदाच होती. मी घरी परतलो की ती पुन्हा अलका होई. कोपरगावला गोदावरीच्या घाटावर अस्थी सोडताना राजाभाऊमामांनी “गोदे!” अशी हाक मारली, तेव्हा क्षणभर मला वाटले की ते नदीला बोलावीत आहेत. मग ध्यानात आले की सगळ्या गोतावळ्यात ते नाव तोंडात न घेणारा मी एकटाच होतो.

गोदावरी हे तिचे जन्मनाव. तू ते आजोळी ऐकले आहेस, पण ते मागे कसे पडले हे तू कधी विचारले नाहीस, कारण आपल्याकडे ते कोणी विचारीत नाही. लग्नात मी तांदळाच्या ताटात अंगठीने ‘अलका’ असे लिहिले. पदवीधर अभियंत्याच्या पत्नीचे नाव सुटसुटीत असावे, एवढाच माझा विचार होता. तिने ते ताट पाहिले, मान डोलावली. तिच्या सामानात एक पेला होता. तो आहेरातला नव्हता. कोपरगावच्या सराफांनी शालान्त परीक्षेत तालुक्यात पहिल्या आलेल्या विद्यार्थिनीला दिलेले ते बक्षीस होते. त्यावर कोरले होते: ‘कु. गोदावरी रंगनाथ येवलेकर, प्रथम क्रमांक, १९८०’. मुलांमुलींत मिळून प्रथम, नूपुर. केवळ मुलींत नव्हे. हेही मी तुला कधी सांगितले नाही, कारण माझा स्वतःचा क्रमांक त्या परीक्षेत आमच्या शाळेतही सातवा होता.

लग्नानंतर वर्षभराने ठाण्याच्या भाड्याच्या जागेत आपण सत्यनारायण केला. म्हणजे आम्ही केला. तुझा जन्म व्हायचा होता. तीर्थ त्या पेल्यात ठेवले होते. माझे तेव्हाचे वरिष्ठ सपत्नीक आले होते. त्यांच्या पत्नीने पेला उचलून नाव मोठ्याने वाचले आणि म्हणाल्या, “येवलेकर? अहो रिसबूड, कुणाचं भांडं राहिलंय तुमच्याकडे? परत करा हो!” सगळे हसले. तुझी आई प्रसादाचे ताट घेऊन दारात उभी होती. ती माझ्याकडे पाहत होती. मी एकच वाक्य बोलायचे होते: हे हिचे आहे, ही तालुक्यात पहिली आली होती. मी म्हणालो, “राहिलं असेल कुणाचं. देऊन टाकू.” ताट तसेच धरून ती पाहुण्यांना प्रसाद वाटू लागली.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पेला पॉलिशवाल्याकडे नेला आणि नाव पुसून घेतले. मला लाज वाटली होती, आणि ती लाज कशाची होती याचा उलगडा करण्याऐवजी मी तिचे कारणच घासून काढले. ‘सौ. अलका सदानंद रिसबूड’ असे नवे नाव घालायचे ठरले होते. कोरणारा दोन दिवसांनी येणार होता. तुझ्या आईने पेला हातात घेतला, त्या जागेवरून अंगठा फिरवला आणि म्हणाली, “नको. कोराच राहू दे.” त्याविषयी ती पुढे छत्तीस वर्षांत एक शब्द बोलली नाही. आणि तू विचारलेस तेव्हा तिने आपल्या लेकीसमोर माझी लाज राखली. रांगोळीने घासून गेले, असे तिने सांगितले.

म्हणून फॉर्म थांबला होता. त्यात ‘वस्तूची स्थिती’ या रकान्यात तू माझ्या सोयीसाठी आधीच टंकलिखित केले आहेस: ‘बाहेरील बाजूस कोरलेला मजकूर नष्ट, कारण: दैनंदिन वापर व घासणे’. खाली तपासणाऱ्याची सही. मी पेला ऑफिसच्या प्रयोगशाळेत नेला आणि गेजने मोजला. बारा ठिकाणी जाडी पॉइंट नऊ मिलिमीटर. नावाच्या पट्टीत पॉइंट चार. माझे छापील वाक्य मला पाठ होतेच. पेला हातात घेताक्षणी तुलाही ते अंगठ्याने कळले असते, आणि मग तुला वाटले असते की आई खोटे बोलली. ती बोलली, पण ते खोटे माझे होते.

गेल्या आठवड्यात मी वहाबभाईंकडे गेलो. त्यांच्या मेहुण्याचे जेद्द्याला बलदच्या जुन्या बाजारात दुकान आहे आणि शेजारी एक जुना नक्षीकार बसतो, हे मला माहीत होते. मी म्हणालो की जुने नाव पुन्हा कोरून घ्यायचे आहे, तुमचे वळण सुरेख आहे, देवनागरी अक्षरे तुम्ही कागदावर काढून द्याल का. वहाबभाईंनी लगेच चष्मा मागितला. कुबराभाभींनी पेला उजेडाकडे धरला आणि म्हणाल्या, “सदानंदभाई, इतक्या पातळ जागी सुई लागली तर भोक पडेल. आणि गोदाताईनं कोरा ठेवायला सांगितला होता ना? तिनं तो तुमच्यासाठी ठेवला असेल, भरायला नव्हे, बघायला.” त्यांना सगळे ठाऊक होते. सव्वीस वर्षे त्यांनी मला सलाम केला, सणाला शिरखुर्मा पाठवला, आणि हे त्यांना ठाऊक होते. वहाबभाईंनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. “साहेब, चहा थंड होतोय,” इतकेच म्हणाले. परत निघताना मी भाभींना विचारले, गोदा तुमच्याकडे बसून काय बोलायची. ते नाव माझ्या तोंडून प्रथमच निघाले होते. त्या हसल्या. “तुमचीच तारीफ करायची. म्हणायची, माणूस सरळ आहे, फक्त उशिरा कळतं त्याला.”

तर, नूपुर, फॉर्म या पत्राला जोडला आहे आणि त्यावर माझी सही आहे. तू टंकलिखित केलेली ओळ मी एका रेघेने खोडली आहे आणि बाजूला आद्याक्षरे घातली आहेत, कारण एकतीस वर्षांत मी चुकीच्या अहवालावर सही केलेली नाही आणि निवृत्तीला तीन महिने उरले असताना ती करणार नाही. तिच्या जागी लिहिले आहे: ‘मजकूर यंत्राने काढलेला. काढविणारा: पती. मालकिणीची संमती घेतलेली नव्हती.’ पुढचा ‘मालकाचे नाव’ हा रकाना तू मोकळा सोडला होतास. तिथे मी तिचे पूर्ण नाव, क्रमांक आणि वर्ष लिहिले आहे, सराफांनी कोरले होते तसेच. कार्डावर तेच छापावे. पेला कुरिअरने येणार नाही. मी तो हातातल्या बॅगेतून घेऊन येईन आणि तुझ्या हाती देईन. तू थँकफुलला तिचे नाव परत दिलेस, तेव्हा तुझी आई कपाटापाशी उठून गेली होती, हे माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. काचपेटीत दिवा समोरून लावू नकोस. डाव्या बाजूने, तिरपा लाव. काल सकाळी खिडकीपाशी मी तसा धरून पाहिला: ‘री’ची वेलांटी अजून आहे. बाकीची अक्षरे तुला सापडतील. या कामात तुझ्याइतके कोणी तयार नाही, आणि हे मी वडील म्हणून नव्हे, तपासणी अभियंता म्हणून लिहीत आहे. उद्घाटनाच्या दिवशी कोणी विचारले की हा पेला कुणाचा, तर उत्तर मला देऊ दे. ते वाक्य माझ्याकडे छत्तीस वर्षे राहून गेले आहे. ते मला परत करायचे आहे.

तुझाच,
बाबा